अपुरं ठेवून जाण्याची मुभा

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन'चे सुरुवातीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. येशूचं चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा ध्यास मागेच राहिला. पुढचे ६४ अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांनी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात नातलगांच्या आधाराने दिवस काढले, सोवळं-ओवळं सुटायला ज्यांना कितीतरी काळ लागला, आणि १९०० साली ज्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, त्या लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या आणि 'ख्रिस्तायन' छापून आलं १९३८ साली. ते पुस्तक हातात घेण्याचं भाग्य दोघांनाही लाभलं नाही.

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला येताना दौंडच्या आधी केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्यांचं बायबल लोकांच्या हाती पडलं ते १९२४ साली.

ख्रिस्ती श्रद्धेत म्हाताऱ्या माणसाला मिळणारा सगळ्यात मोठा आशीर्वाद मला इथे दिसतो. काम पुरं करण्याची सक्ती त्याच्यावरून उठते. मालक देव आहे आणि शेवट त्याच्या हाती आहे, हे माणूस तरुणपणी तोंडाने म्हणतो. सत्तरीत ते त्याच्या हातापायांना कळतं.

लूकच्या शुभवर्तमानात हन्ना मंदिरात भेटते. ती विधवा आहे आणि लूक तिच्यासंदर्भात ८४ वर्षांचा आकडा देतो. तिथेच भेटणाऱ्या शिमोनाचं वय तो सांगत नाही, पण आपण त्याला म्हाताराच समजत आलो आहोत. आयुष्यभर तारणाऱ्याची वाट पाहून दोघांना दिसलं काय, तर चाळीस दिवसांचं एक तान्हं मूल. ना प्रवचन, ना चमत्कार, ना पुनरुत्थान. तेवढ्यावर शिमोन जायला तयार झाला. मोशेनेही नबो डोंगरावरून वचनाचा देश नुसता पाहिला.

हे सोलापुरात लिहिताना मन जड होतं. मिलचा भोंगा हे या गावाचं घड्याळ होतं. लक्ष्मी-विष्णूसारख्या मिल बंद पडल्या तेव्हा धडधाकट माणसं एका दिवसात निरुपयोगी ठरली. ज्याची किंमत कामावरून ठरली, त्याचं काम गेल्यावर काय उरतं, हा प्रश्न इथल्या घराघरांतून गेला आहे. आमच्या मंडळ्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. मिशनच्या शिकवणुकीने आम्हाला सेवेचा अभिमान दिला, तो चांगलाच. पण ज्याला उपासनेपर्यंत चालवत नाही, त्याला 'आता मी कुणाच्या उपयोगाचा?' असं वाटू लागतं, तेव्हा त्या अभिमानाचं ओझं झालेलं असतं. कृपा कमवावी लागत नाही, हे आम्ही दर रविवारी ऐकतो. ते खरं आहे की नाही, याची परीक्षा अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी होते.

म्हातारपण गोड करून सांगण्याची मला चीड आहे. ऐकू येत नाही, मोतीबिंदू होतो, मुलं पुण्याला स्थायिक होतात, जोडीदार जातो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला स्पष्ट सांगतो, की म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिथे नेईल. आणि लगेच म्हणतो, माझ्यामागे ये. परावलंबनातूनही अनुसरण घडतं, हे सांगणारा याहून धीट उतारा मला माहीत नाही.

म्हणून ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीवर बसवणं मला पुरेसं वाटत नाही. टिळकांची भजनं 'उपासना संगीत'मध्ये छापलेली आहेत, पण चाली पुस्तकात नाहीत. त्या आजी-आजोबांच्या गळ्यात आहेत, डोळे गेले तरी न बघता म्हणता येतात. संडे स्कूलच्या मुलांना त्यांच्याजवळ बसवावं आणि एकेक चाल शिकायला लावावी. अंथरुणावर असलेल्यांच्या घरी मुलांनी जावं. सगळ्या चाली शिकवून होणार नाहीत. निम्म्या झाल्या तरी सुरुवात याच नाताळच्या तयारीत करता येईल.