वाया जाणारे पाणी

साउथहॅम्प्टनला कधी आलात तर बंदर आणि क्रूझची जहाजे बघून लगेच परतू नका. या शहराला दोन नद्या आहेत. पश्चिमेकडून टेस्ट येते, पूर्वेकडून इचेन, आणि दोघी शहराच्या टोकाशी खाडीला मिळतात. स्वेथलिंगच्या वुडमिलपर्यंत इचेनमध्ये भरतीचे पाणी येते. तिथून वर विंचेस्टरकडे काठाकाठाने चालत गेलात तर पाणी नितळ होत जाते, तळातली खडी न् खडी दिसू लागते. हॅम्पशरच्या टेकड्या खडूच्या, म्हणजे पांढऱ्या सच्छिद्र दगडाच्या. हिवाळ्यातला पाऊस त्यांत मुरतो आणि झऱ्यांवाटे वर्षभर सावकाश बाहेर पडतो. कोणत्याही ऋतूत झऱ्याचे पाणी साधारण दहा-अकरा अंशांचे. अशा नद्या साऱ्या जगात दोनशेच्या आसपास, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये.

माझी नोकरी या पाण्यात उभे राहण्याची आहे. छातीपर्यंतची रबरी विजार घालायची, या काठापासून त्या काठापर्यंत टेप ताणायचा आणि दर थोड्या अंतरावर पाण्याची खोली आणि वेग मोजायचा. ट्राउटच्या पिल्लाला किती वेग झेपतो, मोठा मासा किती खोलीत स्थिरावतो, मादी अंड्यांसाठी कसली खडी शोधते, याचे आलेख आमच्याकडे असतात. मोजलेले पाणी त्या आलेखांशी ताडून पाहिले, की प्रवाह अमुक इतका घटल्यावर माशाला राहण्याजोगी जागा किती उरेल याचा अंदाज निघतो. मादी हिवाळ्याच्या तोंडाशी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. पुढे दोन-तीन महिने त्या खडीतून पाणी खेळते राहावे लागते. प्रवाह मंदावला, गाळ बसला, की अंडी जागच्या जागी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. नदी तशीच सुंदर दिसते.

२०२२ च्या उन्हाळ्यात माझी आत्या लातूरहून आमच्याकडे आली होती. ऑगस्टच्या ५ तारखेपासून हॅम्पशरमध्ये नळीने बागेला पाणी घालायला बंदी आली. आमच्या परसातले गवत पार पिवळे पडलेले. आत्या रोज सकाळी भांडी विसळलेले पाणी बादलीत धरून कढीपत्त्याच्या कुंडीला घालायची, कुणी सांगितले म्हणून नव्हे, हाताला सवय म्हणून. एका रविवारी तिला नदीवर घेऊन गेलो. पुलावर बराच वेळ उभी राहिली.

"एवढं पाणी कुठं जातं रे?"

"समुद्रात."

"म्हणजे वायाच की." मग थोडे थांबून, "अन् गवताला घालू देत नाहीत?"

मी माशांचे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमच्याकडं माणसाला रेल्वेनं पाणी आणलं बाबा. तुमच्याकडं माशाला राखून ठेवतेत."

तुमच्यापैकी अनेकांना ती रेल्वे आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, जलदूत. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले होते. आत्या तेव्हा रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागरी लावत होती आणि मी इथे ट्राउटला पाणी किती खोल लागते ते मोजत होतो. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला तो टोमण्यापेक्षा जास्त लागला.

आता तिला द्यायला सोपी उत्तरे माझ्याकडे होती, तुमच्याकडेही असतील. इथले पाणी लातूरला पाठवता येत नाही. नदी जगली तर माणूस जगतो. मांजरेचे पाणी अखेरच्या थेंबापर्यंत वापरायचे ठरवले आणि शेवटी माणसाच्या हातीही काही राहिले नाही, हे दुसरे उत्तर तर मी व्याख्यानांत वापरलेलेही आहे, आणि ते खोटे नाही. पण त्यात एक चलाखी आहे. त्यात मासा माणसाच्या उपयोगाचा म्हणून वाचवायचा असतो. उद्या कुणी सिद्ध केले की इचेनमधला एकही मासा न उरता साउथहॅम्प्टनच्या नळांना पाणी येत राहील (आणि यंत्रे लावून तसे करता येईलही), तर मी काय म्हणणार? माशांचे काम संपले म्हणून घरी जाणार?

प्रश्न उघडच विचारायला हवा: तहान नसलेल्या माणसाच्या सोयीपुढे माशाचा काही हक्क आहे का? असल्यास किती?

"किती" या शब्दापाशी माझा धंदा सुरू होतो. इचेनसाठी तो आकडा ठरलेला आहे. २०१८ मध्ये हॅम्पशरमध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि सदर्न वॉटर कंपनीचे या नद्यांमधून पाणी उचलण्याचे परवाने २०१९ मध्ये बदलले. इचेनचा प्रवाह दिवसाला १९८ मेगालिटरपर्यंत, म्हणजे १९ कोटी ८० लाख लिटरपर्यंत उतरला, की हात आखडता घ्यायचा. टेस्टसाठी ही रेषा ३५५ मेगालिटरची. तिच्याखालीही पाणी लागलेच, तर दुष्काळी परवानगी मागावी लागते, कारणे द्यावी लागतात. इथल्या भाषेत या रेषेला ‘हँड्स-ऑफ फ्लो’ म्हणतात. मला ते नाव आवडते. हात काढा, एवढेच ते सांगते.

एक हिशेब करून बघा. इंग्लंडमध्ये माणशी रोज साधारण १४० लिटर पाणी वापरले जाते. (भारतात मोठ्या शहरांसाठीचा निकष १३५ लिटरचा आहे, आणि ग्रामीण नळयोजनांचा ५५, लातूरच्या त्या उन्हाळ्यात दोन्ही कागदावरच होते.) १९८ मेगालिटर म्हणजे चौदा लाख माणसांचे रोजचे पाणी. साउथहॅम्प्टनची वस्ती अडीच लाखांची. म्हणजे आपण सहा शहरांना पुरेल इतके पाणी मासे, शेवाळ आणि पाणकिड्यांसाठी समुद्राकडे जाऊ देतो. आत्याला हा हिशेब सांगितला असता तर ती आणखी चकित झाली असती.

आणि हा आकडा विज्ञानातून आला का? अर्धाच. १९८ ला मासे सुखात आणि १९७ ला संकटात, असे नदीत काही होत नसते. जागा हळूहळू कमी होते, पाणी हळूहळू तापते, पिल्ले हळूहळू घटतात. आलेखावर कुठेही अशी पायरी नाही की जिथे बोट ठेवून म्हणावे, इथे थांबा. किती हानी चालेल हे कुणीतरी ठरवते आणि मग आमच्यासारख्यांकडून तिचा आकडा काढून घेते. आकडा एकदा छापला की वाटते तो नदीनेच सांगितला.

हे मला उशिरा कळले, आणि स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या एका नदीच्या कामात मी किमान प्रवाहाचा एक पल्ला दिला होता: इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि खालच्या टोकाला धोका जास्त. अंतिम अहवालात फक्त खालचे टोक उरले, ‘किमान आवश्यक’ म्हणून. मी ते वाचले. कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. आकडा माझाच होता, खोटा नव्हता, आणि मी नवा होतो. गप्प बसलो. ‘किमान’ शब्दाचे असे होते. आपण तो तळ म्हणून सांगतो आणि ऐकणारा त्याला मुक्काम समजतो.

आत्याच्या बाजूने अजून एक गोष्ट सांगायला हवी, ती मी तिला सांगितली नाही. ट्राउट हा इथे श्रीमंतांचा लाडका मासा आहे. टेस्टवरच्या स्टॉकब्रिजचा हॉटन क्लब १८२२ पासूनचा, आणि त्याचे सभासद मोजकेच. या नद्यांवर एक दिवस गळ टाकायचा तर शेकडो पौंड मोजावे लागतात. पंप चालवणाऱ्या कुटुंबांची बिले वाढवून त्या क्लबाचे पाणी राखायचे का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. पण गंमत अशी की इचेनला कायद्याचे जे विशेष संरक्षण आहे, त्याच्या यादीत ट्राउट नाहीच. तिथे सामन आहे, पाणमांजर आहे, निळा चतुर आहे आणि बुलहेड नावाचा बोटाएवढा, मोठ्या डोक्याचा, दगडाखाली लपणारा मासा आहे. त्याला पकडायला कुणी पैसे देत नाही. मला ती यादी फार सभ्य वाटते.

आपल्याकडे हे काम देवाने केले. महाडजवळच्या वाळण कोंडीला काळ नदीचा एक डोह आहे. तिथले महसीर वरदायिनीचे, त्यांना कुणी पकडत नाही. वाड्याजवळ तिळसेला वैतरणेतही असेच देवाचे मासे आहेत. त्यांना कुणी आकडा लावलेला नाही. तिथे ‘किती’ हा प्रश्नच नसतो: देवीचे म्हणजे देवीचे. मला कधीकधी त्या निखळपणाचा हेवा वाटतो. पण देवी डोह राखते, नदी राखत नाही. वरच्या अंगाला कुणी पाणी अडवले तर गळ न टाकताही मासे मरतील, आणि त्यात कुणाचे व्रत मोडणार नाही. वाहत्या पाण्याचा वाटा मागायचा तर शेवटी आकडाच लागतो.

तेव्हा मी आकडे देतो. फरक एवढाच, की आता अहवालात दोन गोष्टी वेगळ्या लिहितो. इतके पाणी घटले तर इतकी जागा जाईल, हे मोजमाप. आणि एवढी जागा जाऊ देऊ नये, हे माझे मत. मत कापून टाकायचे तर कापा, पण ते मोजमापाच्या पोटात लपवू नका आणि मलाही लपवू देऊ नका. ते मत मी लातूरच्या रांगा माहीत असूनच देतो. साउथहॅम्प्टनमध्ये माशाची गाठ माणसाच्या घशाशी नाही. ती हिरवळीशी आहे, धुतलेल्या गाड्यांशी, आणि गळक्या वाहिन्यांशी. इंग्लंडमध्ये नळाचे जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी वाटेतच जमिनीत जाते. ‘वाया’ हा शब्द वापरायचाच तर तिथे वापरावा. खरोखर घशाशी गाठ पडली, तर मी माणसाच्या बाजूने उभा राहीन, आणि त्या दिवशी मासे मेले हेही तितक्याच ठळकपणे लिहीन.

आत्याला हे सगळे असे सांगता आले नाही. परत जायच्या आदल्या दिवशी तीच म्हणाली, एकदा पुलावर जाऊ. संध्याकाळ होती. एक ट्राउट दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून, जवळजवळ न हलता उभा होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. "ह्यो दिवसभर असाच उभा?" तिने विचारले. म्हटलं, हो, खाणं वाहत येतं, त्याची वाट बघतो. "रांगेतच हाय म्हणायचं," ती म्हणाली आणि चालू लागली.

आता उन्हाळ्यात तिचा फोन आला की तब्येत, मुले, तुरीचा भाव असे सगळे झाल्यावर ती विचारते, तुमच्या नदीला पाणी आहे का. मी त्या दिवशीचा आकडा सांगतो.