मागासाठी बांधलेलं घर

बेळगावात पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. किल्ल्यातली १२०४ सालची कमलबस्ती, रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घर आणि जाता जाता हलग्याजवळचं कर्नाटक सरकारचं सुवर्ण विधानसौध. भाट्यांकडे ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तीन दिवस उतरले होते. त्या तीन दिवसांच्या पुण्याईवर घर टिकलं, आज ते स्मारक आहे. सुवर्णसौधाचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी केलं. इमारत भव्य आहे, हायवेवरून नजरेत भरते. पण सीमाभागातल्या मराठी माणसाला तिच्याकडे नुसती वास्तू म्हणून पाहणं जड जातं, आणि ते स्वाभाविक आहे.

मी मात्र पाहुण्यांना आधी वडगावात नेतो, विणकरांच्या गल्लीत.

तिथल्या एका जुन्या घरात सोप्याच्या जमिनीत खड्डा आहे. विणकर काठावर बसायचा, पाय खाली सोडून पावड्या दाबायचा. जमिनीच्या ओलाव्यानं सूत नरम राहतं, सहसा तुटत नाही. म्हणून माग खड्ड्यात. खिडकीही खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याशी, म्हणजे उजेड थेट ताण्यावर पडावा. उभ्यानं पाहिलं तर ती चुकून खाली बसवल्यासारखी वाटते. काठावर बसलं की कळतं, ती अगदी जिथल्या तिथे आहे. बसायची फळी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. सगळ्यात उजेडाची, मोक्याची जागा मागाला दिली आणि संसार मागच्या अंधाऱ्या खोल्यांत मांडला. घर आधी कुणासाठी बांधलं, हे यावरून कळतं.

या घरात कुणी मोठा पाहुणा उतरला नाही. घरचीच माणसं जन्मभर राबली. एवढ्यानं घर जपण्याजोगं ठरत नाही, हे मला पटत नाही. तीन दिवसांच्या मुक्कामाला आपण मान देतो तो योग्यच आहे. मग तीन पिढ्यांच्या बैठकीलाही द्यायला हवा.

यंत्रमाग आले तसे कितीतरी खड्डे बुजले. शेजारच्या घरात सिमेंटचा वेगळ्या रंगाचा चौकोन तेवढा उरला आहे. सगळी घरं राखता येणार नाहीत. मालकाला स्लॅबचं घर हवं असेल तर ते बांधायचा त्याला पुरा हक्क आहे. पण पाडण्याआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी टेप घेऊन यावं, खड्ड्याची खोली, खिडकीची उंची, फळीची झीज मोजून नकाशा काढावा. आणि काढताना एकदा त्या काठावर बसावं.