होडी धरावी, मग सोडावी

लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील एक प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. जाळी फाटण्याची वेळ येईपर्यंत मासे सापडले, तेवढे आपल्या लक्षात राहते. त्याआधी काय घडले ते मात्र आपण विसरतो. गनेसरेत सरोवराच्या काठी लोकांची रेटारेटी झाली होती. प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसला आणि होडी काठापासून थोडी आत लोटण्यास त्याने शिमोनाला सांगितले. शिमोन रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतला होता. जाळी धुऊन घरी जाऊन झोपायची त्याची वेळ होती. तरी त्याने होडी दिली. भाडे विचारले नाही, किती वेळ लागेल तेही विचारले नाही. चमत्कार नंतर झाला. त्याआधी एका दमलेल्या माणसाने आपली होडी फुकट दिली होती.

या प्रसंगाचा अर्थ आम्हा उभयतांना आपल्या गावापासून फार दूर, एका परक्या नदीच्या काठी उमगला. तेच आज आपल्यापुढे मांडत आहोत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेलो. सहा महिने मुक्काम. लेक आणि जावई सकाळी कामाला जात. घरात दिवसभर आम्ही दोघे आणि टीव्ही. पंधरा दिवसांत आमचे तोंड उतरलेले पाहून लेक म्हणाली, “आई, बाबा, पलीकडे न्यूयॉर्कला नदीवर मदतीला माणसे हवी असतात. पगार नाही. जाल का?” आम्ही हो म्हणालो. पाथ रेल्वे नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे नेते. त्या शनिवारपासून आम्ही दर आठवड्याला जाऊ लागलो.

मॅनहॅटन बेटाच्या पश्चिमेस हडसन नदी आहे. तेथे डाउनटाउन बोटहाऊस, मॅनहॅटन कम्युनिटी बोटहाऊस अशा काही संस्था उन्हाळ्यात लोकांना कयाक चालवायला देतात. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे असते. या संस्थांकडील होड्या प्लॅस्टिकच्या, वरच्या बाजूला बसायच्या असतात. उलटली तरी अशी होडी पाण्याने भरत नाही. नाव नोंदवायचे, जबाबदारीच्या कागदावर सही करायची, लाइफ जॅकेट चढवायचे आणि धक्क्याजवळच्या पाण्यात साधारण वीस मिनिटे वल्हवून यायचे. पैसे द्यायचे नाहीत. मदत करणाऱ्यांनाही पैसे मिळत नाहीत. आम्ही गेलो तेथे बँकेतला मनुष्य होता, परिचारिका होती, शाळामास्तर होते, कॉलेजची मुले होती. आम्हाला कामे वाटून मिळाली. एकाने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळायचे आणि खांद्यावर वर ओढून पाहायचे. दुसऱ्याने तरंगत्या धक्क्यावर गुडघे टेकून होडीची कड धरायची, म्हणजे बसणाऱ्याचा तोल जात नाही.

येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, “किती डॉलर?”

“काही नाही.”

“मग परत आल्यावर?”

“परत आल्यावरही काही नाही.”

तरी काहींचा हात खिशाकडे जाई. जेथे पाण्याची बाटलीसुद्धा विकत घ्यावी लागते तेथे फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काहीतरी गोम असणार, असे वाटणे साहजिकच आहे. एक बाई आठवते. वीस वर्षे ती नदीकाठच्या इमारतींत साफसफाई करीत होती. काचा पुसताना तिला रोज नदी दिसे. त्या पाण्याला तिचा हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लागला. परत आल्यावर आम्ही टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला नाही. ओले हात तसेच ठेवून ती घरी गेली.

बंधू-भगिनींनो, आपण खाडीकाठची माणसे. पाणी पाहिले की भरती आहे की ओहोटी, हे आपल्याला विचारावे लागत नाही. हडसन नदीही तशीच. समुद्राची भरती तिच्यात सुमारे २४६ किलोमीटर वर, ट्रॉय शहरापर्यंत चढते. मूळच्या लोकांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्ही दिशांनी वाहणारी नदी असा सांगतात. पण हे पाणी नेहमी असे हात घालण्याजोगे नव्हते. १९८६ साली नॉर्थ रिव्हर येथील शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत मॅनहॅटनच्या पश्चिम भागातील मैलापाणी रोज सुमारे १५ कोटी गॅलन, जसेच्या तसे या नदीत जात होते. कारखान्यांची घाण वेगळी. ती थांबावी म्हणून १९६६ साली तेथील मासेमार मंडळींनी संघटना बांधली. १९६९ साली नदी वाचवण्याच्या प्रचारासाठी ‘क्लीअरवॉटर’ नावाचे शिडाचे गलबत पाण्यात उतरले. १९७२ साली देशाचा स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. पडक्या धक्क्यांच्या जागी नदीकाठचे उद्यान उभारण्याचा कायदा १९९८ साली झाला, ज्या वर्षी आपला वसई धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी. आजही जोराचा पाऊस झाला की मैलापाणी नदीत उतरते आणि तेव्हा पाण्यापासून दूर राहावे लागते. काम संपलेले नाही. पण जे झाले, त्याच्या मुळाशी पुष्कळ अशी माणसे होती, ज्यांना त्यासाठी कोणी पगार दिला नव्हता.

याच पाण्याची आणखी एक आठवण तेथील लोक सांगतात. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले तेव्हा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला लाखो माणसे अडकली होती. तटरक्षक दलाने बिनतारी संदेशावरून मिळतील तेवढ्या बोटींना हाक दिली. फेरीबोटी, टगबोटी, मासेमारीच्या आणि हौसेच्या बोटी धावून आल्या. सुमारे नऊ तासांत जवळजवळ पाच लाख माणसे पाण्यावाटे बाहेर निघाली. धुरात शिरताना कोणी भाडे विचारले नाही. शिमोनाची होडी त्या दिवशी शेकडो रूपांत धावून आली, असे आम्हाला वाटते.

आता आमची एक चूक कबूल करतो. आम्हा दोघांपैकी कोणाकडून झाली ते विचारू नका.

एका शनिवारी एक आई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दोघांची जोडहोडी होती. मुलगा पुढे बसला. आई अजून अर्धी धक्क्यावर, अर्धी होडीत. मागे रांग वाढत होती. ती बसली असे समजून आम्ही हात काढला. होडी सरकली आणि ती माउली पाण्यात पडली. मुलगा एकटा होडीत, रडवेला. लाइफ जॅकेट होते, पाण्यावर पहाऱ्याला असलेला सोबती क्षणात पोहोचला, कोणाला इजा झाली नाही. ती तर हसली. आमचे पाय मात्र लटपटत होते.

त्यानंतर आम्ही उलटी चूक केली. कोणाचीही होडी सोडेनाच. माणूस नीट बसलेला, वल्हे हातात, आणि आम्ही कड घट्ट धरून सूचना देत राहिलेले. एक तरुणी शेवटी म्हणाली, “आता सोडलेत तरी चालेल.” धक्क्यावरचे मुख्य आमच्याहून वयाने मोठे होते. ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, “लवकर सोडलीत तर माणूस पडतो. सोडलीच नाहीत तर तो जातच नाही. रांगेकडे पाहू नका, त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. तो तयार झाला की कळते.”

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच विचार होता. लेकीकडे गेल्यापासून आम्ही दररोज काही ना काही निमित्ताने तिला म्हणत होतो, “पुरे झाले आता, घरी या. वाडी कोण बघणार? म्हातारपणी आम्हाला कोण?” ती ऐकून घेई आणि गप्प बसे. तिची होडी आम्ही घट्ट धरून ठेवली होती आणि त्याला प्रेम असे नाव दिले होते. त्या रात्री जेवताना आम्ही तो विषय काढला नाही. नंतरही काढला नाही. मनाला सोपे गेले नाही, आजही जात नाही. पण त्यानंतर ती आमच्याशी पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलू लागली.

प्रिय बंधू-भगिनींनो, या दोन्ही चुका आपल्या धर्मग्रामातही होतात. मुलांचे दृढीकरण झाले, फोटो काढले, जेवण झाले की आपण त्यांच्या होडीवरचा हात काढून घेतो. पुढच्या रविवारी मुलगा मिस्साला आला की नाही, हे पाहायला कोणाला सवड नसते. लग्न लागले की नवीन जोडप्याचेही तेच. ती दोघे अजून अर्धी धक्क्यावर असतात आणि आपण पुढच्या लग्नाच्या रांगेकडे पाहतो.

याउलट काही होड्या आपण सोडतच नाही. एकच व्यक्ती पंधरा-पंधरा वर्षे गायनमंडळ किंवा समिती चालवते. “माझ्याशिवाय कोण करणार?” असे ती म्हणते आणि तरुण काठावर उभे राहून शेवटी कंटाळून निघून जातात. सणाच्या दिवशी आभाराच्या यादीतून नाव राहिले तर घरी वाद होतात, पुढच्या वर्षी कामाला यायचे नाही असे ठरते. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. आमचेही नाव एकदा राहिले होते आणि आम्हीही रुसलो होतो. जे आपल्याला फुकट मिळाले ते फुकट द्यावे, असे प्रभूने बारा प्रेषितांना पाठवताना बजावले. आभाराची अपेक्षा हीसुद्धा एक किंमतच आहे. ती मागितली की सेवेचा सौदा होतो.

आणि आपल्याला किती फुकट मिळाले आहे, ते जरा आठवा. आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, ते पोहायला कोठे शिकले? बावखलात. पाठीला सुके नारळ किंवा रिकामा डबा बांधून कोणीतरी काका, मामा, शेजारचा दादा आपल्याला पाण्यात उतरवी. पोटाखाली त्याचा हात असे. मग एके दिवशी तो हात नसे आणि आपण तरंगत असू. तो हात कधी निघाला ते आपल्याला कळलेही नाही. त्याने फी घेतली नाही. पुष्कळांनी त्याचे आभारही मानले नसतील. आज त्यांतली कितीतरी बावखले बुजली, काहींत राडारोडा आणि प्लॅस्टिक पडले आहे, आणि आपल्या नातवंडांना पाण्याची भीती वाटते.

म्हणून या आठवड्यासाठी आपण एक लहानसा निश्चय करू या. आपल्या घराजवळ जे बावखल उरले आहे, त्याच्या काठावरचा कचरा दोन तास उचलावा. ज्यांना पोहता येते त्यांनी शेजारच्या एखाद्या मुलाला, त्याच्या आईवडिलांना विचारून, सुरक्षित पाण्यात शिकवावे. ज्यांच्या हाती एखादे काम वर्षानुवर्षे आहे त्यांनी एका तरुणाला शेजारी बसवून ते शिकवावे आणि तो तयार झाला की बाजूला व्हावे. हे काम कोणी केले, ते सूचनाफलकावर लिहिण्याची गरज नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात शिष्य पुन्हा होडीत आहेत आणि पुनरुत्थित प्रभू काठावर उभा आहे. तो त्यांच्या होडीत चढून बसत नाही आणि त्यांना सोडूनही जात नाही. निखारे पेटवून, त्यांवर मासे भाजून, भाकर तयार ठेवून तो त्यांची वाट पाहतो. होडी पाण्यात सोडल्यावर सेवकाने कोठे असावे, हे त्यावरून कळते. त्याने काठावर असावे, डोळे पाण्याकडे लावून, परत येणाऱ्यासाठी ऊब तयार ठेवून.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, दमलेल्या शिमोनाची होडी तू मागून घेतलीस. आमच्या थकल्या हातांतील दोन तासही मागून घे. दुसऱ्याचा तोल सावरेपर्यंत होडी धरून ठेवण्याचा धीर आम्हाला दे, वेळ आली की ती सोडण्याचे बळ दे, आणि दूर गेलेल्या आमच्या लेकरांवर तुझी नजर असू दे. आमेन.