नम्रता की व्हिसा?

अमेरिकेतल्या ऑफिसात मी मीटिंगमध्ये गप्प राहिलो की सहकारी समजुतीनं म्हणतात, 'तुमच्याकडे वरिष्ठांना उलट बोलत नाहीत ना!' संस्कृतीचं कारण सगळ्यांनाच सोयीचं असतं. खरं कारण कायद्यात आहे. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घर, गाडी, मुलीची शाळा, सगळं तेवढ्यात आवरायचं. ग्रीन कार्ड मिळालं की ही टांगती तलवार जाते. पण नोकरीवर आधारित कार्डांत एका देशाला साधारणपणे वर्षाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. ज्यांना कार्ड मिळालंय ते ऑफिसातले मराठी लोक साहेबाशी बिनधास्त वाद घालतात. संस्कार तर आमचे एकच.

मग माझ्या गप्प बसण्याला सद्गुण म्हणायचं का? मला वाटतं, नाही. बोलायची मुभा असताना पाळलेलं मौन ही नम्रता. मुभाच नसताना पाळलेलं, ती सावधगिरी. पोटापाण्यासाठी सावध राहण्यात लाज नाही. पण तिला संस्कृती म्हटलं की कायद्याला जाब विचारायचा राहून जातो.