दावे सोडलेले शिंगरू

आपल्या धर्मग्रामांत नवे वाहन घेतले की रविवारच्या मिस्सानंतर ते चर्चच्या आवारात आणून उभे करण्याची रीत आहे. बोनेटवर फुलांची माळ असते, मुलांच्या हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि घरातील वडीलधारी माणसे थोडी संकोचून, थोडी अभिमानाने बाजूला उभी असतात. धर्मगुरू प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. सारा विधी पाच मिनिटांत आटोपतो. आपण नेमका कशाला आशीर्वाद दिला, हा प्रश्न मात्र तेवढ्या वेळात कुणी विचारत नाही. मीही अनेक वर्षे विचारला नव्हता.

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपली जिप्सी घेऊन आला. गाडी नवी नव्हती. वयाने त्याच्याहून थोडी मोठीच होती. तिच्यावर त्याने दोन वर्षांची कमाई आणि साऱ्या सुट्ट्या घातल्या होत्या. सडलेला पत्रा कापून नवा बसवला होता, इंजिन उघडून बांधले होते. पुढे मात्र लोखंडी नळ्यांचा जाडजूड बंपर होता, पाटे उंच केले होते, टायर मूळच्यापेक्षा बरेच मोठे होते. मागे डोकावून पाहिले, तर समोरासमोरची दोन्ही बाकडी गायब!

“बाकडी कुठे गेली रे?” मी विचारले.

“काढून टाकली, फादर. मागे आता स्पीकर आणि जॅक-दोरखंडाचं सामान.”

“आणि कुणाला न्यायचं झालं तर?”

तो मनापासून हसला. “फादर, ही माणसं न्यायची गाडी नाही.”

मी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडले. तो आनंदात निघून गेला. त्याचे ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले. कारण एके काळी हेच वाक्य मी, तोंडाने न उच्चारता, जगलो होतो.

ज्यांना या गाडीची ओळख नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. चारही चाकांना जोर देणारी पण आकाराने लहान, वजनाने हलकी अशी मोटार बनवण्याची कल्पना सुझुकी कंपनीने १९७० साली जपानमध्ये ‘जिम्नी’ या नावाने बाजारात आणली. तिचे पहिले इंजिन अवघे ३५९ घन सेंटिमीटरचे होते. त्याच कुळातील जिप्सी आपल्या देशात १९८५च्या डिसेंबरात आली, ती ९७० घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन. १९९६ साली १२९८ घन सेंटिमीटरची ‘जिप्सी किंग’ निघाली. लष्कराने, पोलिसांनी, वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. २०१९ साली तिची विक्री थांबली. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी म्हणजे कुणीतरी जपलेली, दुरुस्त केलेली, मोडीत जाऊ न दिलेली वस्तू आहे.

तिच्या रचनेत एक शहाणपण दडलेले आहे. नेहमीच्या रस्त्यावर ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर धावते. गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक लहान दांडी असते. ती ओढली की इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. ही दांडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढायची नसते. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. चिखलात किंवा वाळूत चाक जरासे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तशी मुभा नसते. मग पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांत व गिअरांत ताण साठत जातो, टायर घासतात आणि शेवटी काहीतरी मोडते. मला ही गाडी शिकवणारे म्हातारे मेस्त्री म्हणत, “फादर, जोर आहे म्हणून वापरायचा नाही, अडलं म्हणजे वापरायचा.” सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात संयमाची इतकी सोपी व्याख्या मी ऐकली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखादी वस्तू ‘माझी’ आहे याचा अर्थ काय? मी तिचे वाटेल ते करू शकतो, असाच ना?

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी या प्रश्नाचे दोन भाग पाडले. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा एक भाग. तिचा उपभोग घेणे हा दुसरा. पहिल्या बाबतीत खासगी मालकी योग्यच आहे, असे ते सांगतात; आणि त्याचे पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी सर्वांच्या वस्तूची घेत नाही. सामायिक काम प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. गावच्या विहिरीचा तुटलेला रहाट ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. उपभोगाच्या बाबतीत मात्र वस्तू केवळ आपलीच मानू नये, गरजवंताला ती सहज देता येईल अशी मनाची तयारी असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. पृथ्वीवरील साधनसंपत्ती सर्वांसाठी आहे, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पुन्हा ठामपणे मांडली, तीही याच परंपरेतून.

यातून निघणारा निष्कर्ष असा : निगा राखणे हे मालकीचे समर्थन आहे आणि वापरू देणे ही मालकीची कसोटी आहे. जी निगा वस्तूला वापरूच देत नाही, ती स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारते.

हे मी ग्रंथातून शिकलो, असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. २००८ साली मी डोंगरातील एका मिशन केंद्रात होतो. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे. केंद्राची एक जुनी जिप्सी होती. रस्ते असे, की पावसाळ्याचे चार महिने दुसरे वाहन कामाचेच नव्हते. हळूहळू मी त्या गाडीत गुंतलो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना वेळेवर ग्रीस, पाट्यांचे बोल्ट आवळणे, पाण्यातून गाडी काढली की ॲक्सलमधले ऑईल दुधाळ झाले आहे का ते पाहणे, सारे मी स्वतः करू लागलो. त्यात पाप नव्हते. उलट, वस्तू बिघडली की फेकून देण्याच्या या काळात ती दुरुस्त करून टिकवणे हा एक सद्गुणच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात टाकून देण्याच्या संस्कृतीवर जे बोट ठेवले, त्याचा अर्थ मला त्या गाडीखाली पाठीवर पडून काम करताना आधीच थोडा कळला होता.

त्या वर्षी जुलैत गिअरबॉक्स उघडावा लागला. खर्च मिशनच्या ऐपतीबाहेरचा झाला. गाडी परत आली, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पलीकडच्या पाड्यावरून दोन माणसे भिजत आली. एका दहा वर्षांच्या मुलाला सकाळपासून जुलाब-उलट्या चालू होत्या, तो डोळे उघडत नव्हता. मध्ये ओढ्यावरची फरशी; तिच्यावरून पाणी वाहत होते. मी म्हणालो, “पाणी उतरू द्या. पहाटे येतो.” त्यांनी वाद घातला नाही. आपल्या माणसांना वाद घालण्याची सवय नसते; याचा आपण किती गैरफायदा घेतो!

ते गेले. मी गाडीवर ताडपत्री नीट ओढून घेतली आणि झोपलो.

त्या रात्री चार जणांनी मुलाला झोळीत घातले, एकमेकांना धरून फरशी ओलांडली आणि तेथून अकरा किलोमीटर चालत आरोग्य केंद्र गाठले. मूल वाचले. देवाचे उपकार.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, हा माझा निर्णय योग्यच होता, असे पुष्कळ जण मला म्हणाले. ते खरेही आहे. माणसे पाण्यात एकमेकांना धरतात. सुमारे एक टनाच्या गाडीला कोण धरणार? एवढ्या वजनाची गाडी लोंढ्याने सहज उचलली जाते. पण नीतिशास्त्र केवळ कृती पाहत नाही, हेतूही पाहते. त्या क्षणी माझ्या मनात लोंढा नव्हता. गॅरेजचे बिल होते. शहाणपणाचे कारण मला नंतर, झोप लागावी म्हणून, सापडले.

त्याहूनही मला टोचते ते वेगळेच. गाडी फरशीच्या अलीकडे नेऊन उभी करता आली असती. माणसांनी मुलाला पाण्यातून आणले असते आणि पुढचे अकरा किलोमीटर मी नेले असते. इतका साधा मार्ग मला सुचला नाही. आसक्ती माणसाला दुष्ट करते, असे आपण प्रवचनांत सांगतो. माझा अनुभव निराळा आहे. आसक्ती माणसाला आंधळा करते. त्याला समोरचा तिसरा रस्ता दिसेनासा होतो आणि तरीही तो स्वतःला सज्जनच समजत राहतो.

आता फेरबदलांविषयी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते दोन कामांसाठी : तिची मशागत करावी आणि तिची राखण करावी. राखण म्हणजे निगा. मशागत म्हणजे बदल. आहे त्यातून अधिक काही घडवणे. म्हणून यंत्रात बदल करणाऱ्या तरुणाला मी नावे ठेवणार नाही. त्याच्या हातांना देवाने दिलेली सर्जनशीलता तिथे काम करत असते. मात्र ‘मशागत’ या अर्थाच्या मूळ हिब्रू क्रियापदाचा एक अर्थ ‘सेवा करणे’ असाही आहे, हे विसरून चालणार नाही. बदल कुणाची सेवा करतो, हाच खरा प्रश्न.

मोठे टायर चिखलातून जायला मदत करतात, पण स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो आणि ब्रेक व बेअरिंग यांवरचा भार वाढतो. गाडी उंच केली की दगडधोंडे ओलांडता येतात, पण तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. प्रत्येक बदल काही देतो, काही घेतो. आणि जे घेतो, ते पुष्कळदा दुसऱ्याकडून घेतो. पुढच्या लोखंडी बंपरचेच पाहा. धडकेत माझा पत्रा वाचतो. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या हाडांना मात्र कोवळ्या पत्र्याऐवजी टणक लोखंड भेटते. केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरात अशा बंपरांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले ते यासाठीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत ती मनाई अधिक स्पष्ट केली. पुष्कळांना ही केवळ सरकारी अडवणूक वाटते. मला त्यात एक नैतिक सत्य दिसते : सार्वजनिक रस्त्यावर आलेली माझी वस्तू पूर्णपणे माझी राहत नाही, कारण तिच्या समोरून दुसऱ्याचे मूल चालत असते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण त्याची दया पाहतो, त्याचे तेल आणि द्राक्षारस पाहतो, त्याने दिलेली नाणी मोजतो. त्याचे जनावर मात्र आपल्या ध्यानात येत नाही. ते त्याचे स्वतःचे होते. त्याला त्याने नीट खाऊ घातले होते, म्हणूनच ते एका जखमी माणसाचे ओझे वाहू शकले. आणि मुख्य म्हणजे त्याच्या पाठीवर जागा होती. मालक उतरला की ती रिकामी होत होती. त्या दिवशी मालक बहुधा पायी चालला.

झावळ्यांच्या रविवारीही असेच एक जनावर आपल्याला भेटते. दाराशी बांधलेले शिंगरू शिष्य सोडू लागतात, तेव्हा मालक विचारतात, का सोडता? प्रभूला याची गरज आहे, एवढेच उत्तर मिळते, आणि ते सोडू देतात. त्या मालकांची नावे शुभवर्तमानात नाहीत. त्यांनी शिंगराला चारा घातला, खरारा केला, दाव्याला बांधून जपले. आणि वेळ आली तेव्हा दावे सोडू दिले. मालकीविषयी ख्रिस्ती माणसाला याहून अधिक काय शिकायचे आहे? बांधायला शिकावे आणि सोडायलाही. माझ्या दारी ती दोन माणसे भिजत उभी होती, तेव्हा प्रभूला गरज आहे असेच ती सांगत होती. मी ताडपत्री ओढून घेतली.

त्या तरुणाच्या गाडीला मी आशीर्वाद दिला त्या दिवशी ही हकीकत त्याला सांगायला हवी होती. सांगितली नाही, लाज वाटली. त्यामुळे माझा तो आशीर्वाद अपुराच राहिला. आपले हे त्रैमासिक त्याच्या घरी येते आणि त्याची आई ते पहिल्या पानापासून वाचते, हे मला ठाऊक आहे. बाळा, तुझे हात गुणी आहेत. गाडी जप, ग्रीस वेळेवर घाल, डोंगरात आनंदाने फिर. पुढचे ते लोखंड तेवढे काढ. आणि निदान एक बाकडे परत बसव.