प्रभूचे मेज एकच आहे

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र २:११-१४ व ३:२६-२८



अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी होते, तसेच परराष्ट्रीयही होते, आणि ते सारे एका पंगतीत जेवत असत. केफाही त्यांच्याबरोबर बसे. पुढे याकोबाकडून काही माणसे आली, आणि त्यांच्या भयाने केफा मागे सरून वेगळा बसू लागला. इतर यहूदीही त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा वाहवला. केफाने काही खोटे मत शिकवले नव्हते. त्याने फक्त आपली बसण्याची जागा बदलली होती. तरीही पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला.

पौलाला ही गोष्ट एवढी मोठी का वाटली? पंगतीचा प्रश्न त्याच्या दृष्टीने रीतिरिवाजाचा नव्हता, तारणाचा होता. देव माणसाला केवळ कृपेने पदरात घेतो हे जर खरे, तर ज्याला देवाने आपल्या मेजावर बसवले त्याला आपण कोणत्या तोंडाने उठवणार? म्हणूनच याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की, बाप्तिस्म्याने जे ख्रिस्ताचे झाले त्यांच्यात वंश, दास्य व स्त्रीपुरुषभेद यांवरून कोणी उंच किंवा नीच ठरत नाही.

हे वचन आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु पाठ असलेले वचन मंडळीच्या हातून कसे निसटते, याचे एक उदाहरण आम्ही येथे देऊ इच्छितो. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने १८२९ साली ठरवले होते की, प्रभुभोजन रंग किंवा वंश न पाहता सर्व सभासदांना एकत्रच द्यावे. पुढे १८५७ साली त्याच सिनॉडपुढे हा प्रश्न पुन्हा आला. काही गोऱ्या सभासदांना काळ्या बंधूंबरोबर बसणे जड जात होते. सिनॉडने म्हटले की, एकत्र बसणे हेच इष्ट व शास्त्राला धरून आहे. तथापि काहींच्या दुर्बलतेमुळे कार्यास अडथळा येत असेल, तर वेगळ्या जागी उपासना करण्यास हरकत नाही.

ही सवलत दिसायला किती लहान! परंतु १८८१ साली मिश्रवर्णीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी मंडळीच उभी राहिली. १९४८ नंतर तेथील सरकारने वर्णभेदाला कायद्याची चौकट दिली, तेव्हा त्याच चर्चच्या पंडितांनी त्याला शास्त्राचा आधार शोधून दिला. एका पिढीची दुर्बलता पुढच्या पिढीचा रिवाज झाली, आणि तिसऱ्या पिढीचा सिद्धांत. १९८२ साली ओटावा येथे जगातील रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या परिषदेने वर्णभेदाचे समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले. १९८६ साली त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनेच बेलहार विश्वासांगीकार स्वीकारून ख्रिस्ती ऐक्याची साक्ष दिली. ज्यांना मेजावरून उठवले होते, त्यांनीच मेजाचा अर्थ जगाला सांगितला.

कोणी म्हणेल, ‘दुर्बलांना सांभाळून घ्या, असे पौलच रोमकरांस सांगतो.’ होय, चौदाव्या अध्यायात तो तसे सांगतो. पण तेथे बलवानाने स्वतःच्या ताटातले मांस सोडावयाचे आहे. दुसऱ्याला पंगतीतून उठवावयाचे नाही. स्वतःचा हक्क सोडणे ही प्रीती आहे. दुसऱ्याचा हक्क सोडून देणे हा अन्याय आहे. १८५७ साली दुर्बल होते एक, आणि किंमत भरली दुसऱ्यांनीच.

हे पाप समुद्रापलीकडचे आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. तंजावरकडील मंडळ्यांत उच्च जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी पत्र पाठवून बजावले की, मंडळीत जातीला थारा देऊ नये. तेव्हा कित्येकांनी प्रभुभोजन सोडले, पण जात सोडली नाही. आज आपल्या मंडळ्यांत प्याला एकच असेल. पण लग्नाच्या बोलण्यात ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

बेळगाव, हैदराबाद, वडोदरा यांसारख्या ठिकाणी आपली मराठी उपासना कानडी, तेलुगू किंवा गुजराती उपासनेहून वेगळी होते. ते पाप आहे काय? नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. वेगळेपण समजण्यासाठी असेल तर ते देणगी आहे. टाळण्यासाठी असेल तर भिंत आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसऱ्या भाषेचा बंधू आपल्या दारी आला, तर आपण सरकून त्याला बाकावर जागा देतो काय?

आता स्त्रियांविषयी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायावर बोट ठेवून स्त्रीने मंडळीत गप्प बसावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्याच पत्राचा अकरावा अध्यायही वाचावा. तेथे स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. डोके कसे असावे एवढेच तो सांगतो. रोमकरांस पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचे नाव तो आदराने घेतो. पुनरुत्थानाचा निरोप प्रभूने मग्दालीया मरीयेच्या हाती दिला.

आपल्या मराठी मंडळीला तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण घरचेच आहे. त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्र मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले व ते छापले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या. १९२४ साली तो ग्रंथ पूर्ण प्रसिद्ध झाला. ज्या हातांनी देवाचे वचन छापले, त्या हातांनी प्याला दिला तर तो विटाळतो काय? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया व चर्च ऑफ साउथ इंडिया या दोन्हींत आज स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळते. २०१३ साली नंद्यालच्या बिशपपदी ई. पुष्पललिता यांची नेमणूक झाली. तरीही कित्येक मंडळ्यांत भाकर करणाऱ्या, मेजावर पांढरे वस्त्र घालणाऱ्या, मंदिर झाडणाऱ्या स्त्रिया. आणि पंचांच्या बैठकीत सारे पुरुष! ‘अजून लोकांची तयारी नाही,’ असे कारण आपण देतो. बंधूंनो, १८५७ चेच हे शब्द नव्हेत काय?

शाब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. मुलाला शास्त्रपाठ वाचायला उभे करावयाचे आणि मुलीला फुले मांडावयास सांगायची, हाही एक धडाच आहे, आणि तो मुले वचनापेक्षा लवकर शिकतात. येत्या रविवारी अदलाबदल करून पाहा. पंचांनीही पुढील बैठकीत एवढेच विचारावे : आपण जी सवलत देत आहोत, तिची किंमत कोण भरत आहे?

केफा पंगतीतून उठला होता, पण कायमचा नव्हे. प्रभूने त्याला टाकले नाही. मागे सरलेल्यांना पुन्हा पुढे बोलावणारा यजमान तोच आहे, आणि मेजही त्याचेच आहे. पुढच्या प्रभुभोजनाला आपण येऊ, तेव्हा शेजारच्याकडे पाहून येऊ या.

हे प्रभू, ज्यांना तू बोलावलेस त्यांना उठवण्याचे धैर्य आम्हांस कधी होऊ नये, आणि ज्यांना आम्ही उठवले त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची नम्रता आम्हांस दे. आमेन.