आधी हवा, मग तेल

माझ्या लहानपणी साक्रीत वीज गेली की आजी कंदील लावी. अभ्यासाला उजेड पुरेना म्हणून मी हळूच वात वर करी. क्षणभर कसे लख्ख दिसे! पण पाहता पाहता काच काजळून जाई आणि पहिल्याहून अधिक अंधार पडे. आजी न रागावता वात खाली घेई, कंदिलाच्या जाळीत बसलेली धूळ झाडी, काच पुसून लावी आणि उजेड पुन्हा स्वच्छ होई. त्या धूळ झाडण्यात केवढे शहाणपण होते हे उमगायला मला चाळिशी उलटावी लागली. आणि उमगले तेही कोठे, तर महामार्गावरच्या एका गॅरेजात!

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. स्कूटर दाखवायला मी मिस्तरींकडे गेलो होतो. इतक्यात सुरतेकडून कापडाच्या गाठी घेऊन आलेला एक जुना ट्रक काळा धूर ओकीत दारात उभा राहिला. माल धनत्रयोदशीच्या आत जळगावला पोचायचा होता. ट्रक ड्रायव्हरच्या स्वतःच्या मालकीचा, आणि डोक्यावर कर्जाचे हप्ते. तो काकुळतीने म्हणाला, "मिस्तरी, कोंडाईबारीच्या चढाला गाडी अक्षरशः रांगत आली. मागे एकाने पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवून दिला, तेव्हा जरा ओढली. आता पुन्हा तेच. अजून अर्धा फेरा वाढवा."

मिस्तरींनी स्क्रूला हातही लावला नाही. धुराकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "हवा नही, अन् डिझेल टाकीसन काय व्हई?"

मी नुसता मॅट्रिक झालेला मास्तर. पण त्या संध्याकाळी मिस्तरींनी मला जे शिकवले ते कोणत्याच वर्गात शिकलो नव्हतो. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. डिझेलच्या इंजिनाला तर त्याहूनही जास्त हवा मिळावी लागते, तेव्हा कोठे धूर आवरतो. ही जादा हवा कोंबण्याचे काम टर्बो करतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरानेच एक चाक फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा आत ढकलायची. अशा जुन्या ट्रकांत टर्बोपासून डिझेलच्या पंपाकडे एक बारीक नळी जाते. हवेचा दाब वाढला की नळीतून पंपाला ती वर्दी मिळते आणि मगच पंप डिझेल वाढवतो. हवा आल्याशिवाय डिझेल नाही, असा हा कडक पण न्यायी कारभार!

मिस्तरींनी फिल्टर काढून झटकला, हवेचे सांधे चाचपले आणि शेवटी ती बारीक नळी हातात घेतली. रबराला चीर गेली होती. टर्बो बिचारा हवा देत होता, पण पंपाला त्याची वर्दीच पोचत नव्हती; म्हणून तो हात आखडून होता. आधीच्या माणसाने ही चीर शोधली नाही, सील तोडून सरसकट डिझेल वाढवले. त्यामुळे हवा नसताना काळा धूर आणि हवा असताना नुसती तगमग! मिस्तरींनी नळी बदलली आणि स्क्रू जुन्या खुणेवर मागे घेतला.

ड्रायव्हर उसळला. "मी ताकद वाढवायला आलो, आणि तुम्ही कमी करता?"

येथे मला खरा नैतिक प्रश्न दिसला. अर्धा फेरा वाढवून पैसे घेतले असते तर गिऱ्हाईक खूश होऊन गेले असते. पिस्टन जळाला असता तो शेकडो मैल दूर, दुसऱ्याच कोणाच्या दारात. मागेल ते देणे हा सज्जनपणा, की लागेल तेच देणे? मिस्तरी शांतपणे म्हणाले, "दादा, एक फेरी मारून या. मग भांडू." तो फेरी मारून आला तेव्हा धूर जवळजवळ नव्हता आणि गाडी ओढत होती. पंप धुळ्याला बेंचवर तपासून नवे सील करून घ्या, असे बजावून मिस्तरींनी त्याला वाटेला लावले.

घरी परतताना मात्र माझे मन खिन्न झाले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीनंतर एकाएकी मागे पडला. मी त्याला गणिते वाढवून दिली. तरी जमेना, तेव्हा आणखी दिली, वर चार शब्दही सुनावले. होळीपासून तो शाळेत यायचा थांबला. पुढे कळले, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते आणि हा आजीजवळ राहून रात्रीच्या विजेवर कांद्याला पाणी भरीत होता. त्याला गणिते कमी पडत नव्हती, झोप कमी पडत होती. मी प्रेमानेच वात वर करीत होतो, आणि काच काजळत होती.

कोणी म्हणेल, मग शिस्त नको की काय? तसे नव्हे. दुरुस्त नळीच्या पंपाने चढावर डिझेल वाढवलेच की! देणे वाईट नाही. घेणाऱ्याला श्वास आहे की नाही, हे न पाहता देणे वाईट. नव्या गाड्यांत ही चौकशी सेन्सर आणि संगणक करतात. घरात आणि वर्गात ती अजून आपल्यालाच करावी लागते.

परवा एका मुलीची वही कोरी निघाली. "उद्या दहा गणिते जास्त," असे ओठांवर आले होते. ते गिळून मी विचारले, "बाळ, रात्री झोपतेस किती वाजता?" तिने मान वर केली. सहामाहीत ती प्रथमच माझ्याशी बोलली.